आतला गिलावा

टाकीमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचे मास्तर" म्हणायची. शाळेशी त्यांचा संबंध म्हणाल तर चौथीपर्यंत, आणि तोही ओढूनताणून. पण पाण्याच्या टाकीला आतून गिलावा करावा तर त्यांनीच, हे कुठल्याही बांधकामवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगे. चाळीस वर्षांत त्यांनी केलेल्या एकाही टाकीने थेंब गाळला नव्हता. हे मास्तर स्वतःच सांगायचे, त्यामुळे थोडं कमी धरायला हरकत नाही. पण लोकही हेच सांगायचे.

दुसऱ्यांच्या गळक्या टाक्या बघायलाही त्यांनाच बोलावणं येई. मास्तर हात पाठीमागे बांधून टाकीभोवती दोन फेऱ्या मारत, ओलीच्या डागाचा वास घेत, नखाने जरा खरवडत आणि मग डागापासून चांगलं चार हात लांब खडूने फुली मारत. "इथे फोडा." मालक म्हणे, "अहो, ओल तर तिकडे आहे!" पाणी शिरतं एकीकडे आणि तोंड दाखवतं दुसरीकडे, हे मालकांना कधीच पटत नसे. फोडलं की पटे.

कौतुकाच्या बाबतीत मात्र माणूस महाकंजूष. हाताखालच्या गवंड्याने जीव ओतून भिंत ओढली तरी मास्तर बोटांनी चाचपून म्हणत, "चालेल." त्यांच्या तोंडून निघालेला हा सर्वांत मोठा शब्द. त्याखाली "बघू" आणि त्याखाली "फोड". "जमलंय" हा शब्द त्यांनी कुणासाठी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बायकोने लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या हौसेने भाजी केली होती, तेव्हाही "चालेल"च. ती म्हणायची, "मी मेले तर माझ्याकडे बघून म्हणतील, चालेल."

आणि कौतुकाचा शब्द नसला तरी एका माणसाला ते फार मानत: पाणी मारणाऱ्याला. गिलावा झाला की तो आठ-पंधरा दिवस ओला ठेवावा लागतो, सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर सुंदर दिसणारी भिंत आतून तडकते. नाव गवंड्याचं होतं आणि पाणी मारणाऱ्याला कुणी ओळखतही नाही. मास्तर म्हणत, "अर्धी टाकी त्याची." घाईने टाकी भरायला निघालेल्या मालकाला तर ते दारातच अडवत आणि अशा शिव्या देत की वरच्या मजल्यावरच्या बायका खिडक्या लावून घेत.

असा हा माणूस गुडघ्यांनी हरला. टाकीत काम उकिडवं बसून. चाळीस वर्षं उकिडवं बसलं की गुडघे आपला हिशेब मागतातच. चार वर्षांपूर्वी उजवा गुडघा फुगला, तेव्हा डॉक्टरने एक गुलाबी गोळी लिहून दिली: पाच दिवस, जेवणानंतर. पहिल्याच दिवशी मास्तर शिडी सरसर उतरले आणि त्यांना वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच सोसलं. मग पाच दिवसांचे पंधरा झाले आणि पंधराची चार वर्षं कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही. ऊन चढलं की टाकी आतून भट्टी होते, म्हणून पहाटेच आत उतरावं लागे. जेवणार कुठून? कपभर चहा आणि गोळी. औषधवाला त्यांना लांबून बघताच पाकीट काढून ठेवी. चिठ्ठी मागायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं.

बायकोला हे ठाऊक होतं. तिला स्वतःला पाठीच्या दुखण्यावर एक पांढरी गोळी मिळाली होती आणि तिला ती चांगली लागू पडली होती. दुपारनंतर मास्तरांचे गुडघे पुन्हा ठणकतात, हे तिने बघितलं होतं. म्हणून ती रोज त्यांच्या डब्याच्या झाकणात कागदाच्या घडीत एक पांढरी गोळी ठेवायची. न मागता, न बोलता. मास्तरही न विचारता ती घ्यायचे. त्या घरात प्रेम असंच चालायचं. त्याउपर फारच जड दिवस असला तर जोडीदार लांब्या होताच. सहा फुटांवर उंची असलेला हा भला माणूस खिशात सुपारी ठेवावी तशा तिसऱ्याच नावाच्या गोळ्या बाळगायचा. "घे रे, हलकं वाटेल." वाटायचंही.

त्या वर्षी एका शाळेच्या जुन्या टाकीचं काम निघालं. बाहेरून पूर्ण खरवडून डांबर फासायचं होतं आणि शेवटी आतून नवा गिलावा द्यायचा होता. महिनाभर दोघं काळे ठिक्कर. नखं काळी, कोपर काळे, लांब्याच्या तर कानात काळं. त्याच दिवसांत मास्तरांना सकाळी संडासात काळं दिसायला लागलं. नुसतं काळं नाही, डांबरासारखंच चिकट आणि चकचकीत. दुसरा कुणी असता तर धावत सुटला असता. मास्तरांना मात्र लगेच उलगडा झाला: हात नीट न धुता जेवतो, डांबर पोटात जातं, तेच बाहेर पडतंय. त्यांनी हे इतक्या खात्रीने बायकोला सांगितलं की तिने भांड्यांचा साबण, घासणी आणि रॉकेलची बाटली पुढे ठेवली. "आधी हात घासा, मग ताटाला शिवा." त्यांनी कातडी सोलेपर्यंत हात घासले. काळं थांबलं नाही.

दम लागायला लागला तो वयाचा, असं त्यांनी ठरवलं. चेहरा पांढरा दिसतो तो सिमेंटचा. पोट तर मुळीच दुखत नव्हतं, मग पोटाचा विचार कोण करतो? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतीवरचे डाग वाचणाऱ्या माणसाला स्वतःचा डाग वाचता आला नाही. मला तर हे आठवलं की आजही चीड येते, आणि मग लगेच वाटतं, आपण तरी काय वाचलं असतं?

शेवटचा हात आतून मारायचा होता, त्या दिवशी मास्तर सकाळी टाकीत उतरले. तासाभराने वर यायला निघाले. शिडीच्या तीन पायऱ्या चढले आणि चौथी सापडेना. वर झाकणाचं गोल भोक आणि त्यातून दिसणारं आभाळ आधी लहान झालं, मग दोन झालं. ते तसेच खाली बसले. "लांब्या," त्यांनी हाक मारली. टाकीत आवाज घुमतो; हाक चार वेळा ऐकू आली म्हणून लांब्याला वाटलं मास्तर चिडलेत. त्याने वाकून बघितलं तर मास्तर ओल्या गिलाव्यावर गाल टेकून पडले होते. ओल्या गिलाव्याला हा माणूस बोट लावू देत नाही, आणि गाल? लांब्याने दोर, झोळी, शाळेचे दोन शिपाई, सगळं गोळा केलं आणि अर्ध्या तासात त्यांना बाहेर काढलं.

इस्पितळात रक्त तपासलं तेव्हा तिथली नर्स आधी कागदाकडे आणि मग मास्तरांकडे बघत राहिली. "एवढ्या रक्तावर तुम्ही शिडी चढत होतात?" अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त गेलं होतं, थोडंथोडं, महिनाभर. दोन्ही हातांत सुया लागल्या. पोटाची डॉक्टरीणबाई आली, त्यांची मुलगी शोभेल अशा वयाची. तिने दोनच प्रश्न विचारले: काळं होत होतं का, आणि दुखण्याच्या गोळ्या कुठल्या घेता.

"काळं ते डांबराचं," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"ते डांबर नव्हतं. रक्त होतं. पोटात पाझरून खाली येईपर्यंत ते काळं होतं."

शिरतं एकीकडे, तोंड दाखवतं दुसरीकडे. हे मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुर्बीण घालायची ठरली. "थोडी गुंगी देऊ?" डॉक्टरीणबाईने विचारलं. मास्तरांनी नको अशी मान हलवली. गळती शोधायला कुणी टाकीत उतरणार आणि आपण झोपून राहायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. रक्त चढल्यामुळे जरा तरतरी आली होती. मग घशात फवारा मारून, दातांत प्लास्टिकचं कडं अडकवून ती काळी नळी आत गेली. जन्मभर दुसऱ्याच्या कामावर बोलत आलेल्या माणसाला त्या वेळी एक शब्द बोलता येत नव्हता. पडदा मात्र समोरच होता.

आधी लाल बोगदा दिसला. मग तो अचानक रुंद झाला आणि मास्तर श्वास घ्यायचं विसरले. नर्सने पाठीवर थाप मारली तेव्हा घेतला.

आत एक दालन होतं. गुलाबी, ओलं, लखलखणारं. भिंतींवर मऊ घड्या एकीत एक मिसळत गेलेल्या, आणि सगळ्यांवर एक पातळ, पारदर्शक, चमकता थर, जसा काही कुणी आत्ताच शेवटचा हात फिरवून बाहेर गेला होता. एक कोपरा नव्हता. मास्तरांनी डोळे ताणून शोधला, जन्माची सवय; टाकी गळते ती बहुधा कोपऱ्यातूनच. पण सगळीकडे गोलाई, अशी गोलाई की थापीने द्यायची म्हटली तर दहा जन्म लागावेत. दालन संथपणे हलतही होतं. हलती भिंत, आणि तिला चीर नाही! बासष्ट वर्षं ही टाकी आपण अंगात घेऊन फिरलो आणि एकदाही बघितली नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नर्सला वाटलं नळीमुळे.

मग खालच्या बाजूला खड्डा दिसला. पांढुरक्या कडांचा, नाण्याएवढा, आणि मधोमध एक लाल टिपका फुगून गळत होता. नळीतून इवलासा चिमटा निघाला, त्याने टिपक्याला धरलं आणि गळती थांबली. मास्तरांनी गवंडीकामात अशी सफाई बघितली नव्हती. एरवी त्यांनी याला "चालेल" म्हटलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई पलंगापाशी बसली. "पोटात जे आम्ल असतं ना, ते तुम्ही फरश्या धुवायला वापरता त्याच जातीचं."

मास्तर ताडकन उठून बसायला गेले. ते ॲसिड त्यांना चांगलं माहीत होतं. सिमेंटवर पडलं की फसफसतं, चांगल्या कोब्याला खड्डा पाडतं. कुठलाही गिलावा त्याच्यापुढे टिकत नाही. "ते? पोटात? रोज?"

"रोज. म्हणून पोट स्वतःवर सतत नवा थर देत राहतं. वरचं अस्तर चार-पाच दिवसांत पूर्ण नवं होतं."

"चार दिवसांत," मास्तर पुटपुटले. "आणि टाकी भरलेली असताना?"

"भरलेली असताना. तुम्ही झोपलेले असताना. जन्मल्यापासून." ती हसली. "आता गोळीचं ऐका. शरीरात एक द्रव्य तयार होतं. गुडघ्यात ते दुखणं आणि सूज आणतं, आणि पोटात तेच अस्तराला सांभाळतं, त्याला रक्त पुरवतं. तुमची गोळी ते द्रव्यच बनू देत नाही. गुडघा गप्प बसतो आणि पोटातलं कामही बंद पडतं. आम्ल मात्र सुट्टी घेत नाही."

"म्हणजे विष खात होतो मी."

"नाही. चांगलं औषध आहे. योग्य माणसाला, थोडे दिवस, काहीतरी खाऊन, ठरलेल्या मात्रेत. तुमचं वय साठीपुढचं, पोट उपाशी, आणि चार वर्षं. मूत्रपिंडंही जरा त्रासलीत तुमची, रक्तदाब वाढलाय. पण तरी मला एक कळत नाही. एका गोळीने एवढं व्हायला नको. घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगा."

बायको धावत घरी गेली आणि पिशवीत सगळं भरून आली. लांब्यानेही खिसा रिकामा केला. डॉक्टरीणबाईने चादरीवर तीन पाकिटं ओळीने मांडली: गुलाबी, पांढरी, आणि लांब्याची. वरची ठळक नावं तीन होती. खालची मुंगीएवढी अक्षरं तिने बोटाने दाखवली. तिन्हींवर एकच: आयब्युप्रोफेन.

लांब्या भिंतीला टेकला. बायकोने ती अक्षरं वाचली, मग पुन्हा वाचली.

"ही पांढरी मी द्यायचे," ती म्हणाली. "रोज. डब्यात. मीच घालत होते." तिचा आवाज इतका खाली गेला होता की पुढचं ऐकू आलं नाही. मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. आयुष्यभर तीन शब्दांवर भागवलेल्या माणसाकडे अशा वेळी चौथा शब्द नसतो. ती दोन दिवस जेवली नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईने बजावलं: आम्ल कमी करणारी गोळी सकाळी उठल्याबरोबर, आठ आठवडे. या जातीची दुसरी कुठलीही गोळी नाही, सर्दीच्या पुडीतलीसुद्धा नाही. गुडघ्यांसाठी साधी तापाची गोळी, तीही मोजून, शेक आणि व्यायाम. "आठ आठवड्यांनी पुन्हा बघू. तोवर भरलं नाही तर दुसरा विचार करावा लागेल. वाईट काही नाही ना, हे बघायला खड्ड्याच्या कडेचा कणभर तुकडाही तपासायला पाठवलाय." तुकड्याचा निकाल चांगला आला. पण खड्डा भरला नाही आणि पुन्हा रक्त सुटलं, तर या वेळी लांब्याला झोळी टाकायला वेळ मिळेलच असं नाही, हे तिघांनाही समजलं होतं.

बायकोने मग कंबर कसली. पहिल्याच दिवशी तिने भिंग विकत आणलं. घरात येणारी प्रत्येक पुडी, प्रत्येक बाटली ती खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरायची. औषधवाल्याच्या दुकानात तर तिने असा तास घेतला की तो दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांकडेच चिठ्ठी मागायला लागला. सकाळची गोळी, अर्ध्या तासाने खाणं, मग गुडघ्यांना शेक, मग पाय सरळ ठेवून वर उचलायचे, दहा आणि दहा. मास्तर ओरडायचे. ती मोजत राहायची. स्वतःच्या पाठीसाठीही तिने गरम पाण्याची पिशवी धरली आणि पांढरं पाकीट डॉक्टरीणबाईच्या हवाली केलं.

पाचव्या आठवड्यात गुडघे असे पेटले की मास्तरांना पलंगावरून उतरता येईना. त्याच दिवशी बांधकामवाल्याचा फोन आला. मोठ्या इमारतीची टाकी, फक्त दोन दिवस, मास्तरांशिवाय कुणाला जमणार नाही. संध्याकाळी लांब्या आला. बायको मागच्या खोलीत होती. तो हळूच म्हणाला, "एकच घे. जेवून घे. एकाने काय होतंय?" आणि त्याने पाकिटातली एक गोळी मास्तरांच्या तळहातावर ठेवली. मनाचा चांगला होता हो लांब्या, म्हणून तर भीती.

मास्तर तळहाताकडे बघत राहिले. गुडघा ठणकत होता आणि गोळी अर्ध्या तासात तो बंद करणार होती. मग त्यांनी विचारलं, "लांब्या, पाचव्या दिवशी टाकी भरायला आलेल्या मालकाला मी काय म्हणतो?"

"शिव्या देतोस."

"मग आता मला दे."

लांब्याला एकही शिवी आठवेना. मास्तरांनी मोठ्याने हाक मारली, "अगं, इकडे ये. हे वाचून बघ जरा." ती भिंग घेऊनच आली. पाकिटाची अक्षरं वाचून झाल्यावर तिने लांब्याकडे असं बघितलं की तो सहा फुटांचा चार फुटांचा झाला. मास्तरांनी बांधकामवाल्याला फोन करून सांगितलं, "टाकी ओली आहे. येणार नाही."

"कुठली टाकी?" तो विचारत होता. त्यांनी फोन ठेवला.

आठ आठवड्यांनी मास्तर पुन्हा त्याच दुर्बिणीच्या खोलीत. या वेळी बायको हट्टाने आत उभी राहिली. नळी गेली, तो बोगदा, आणि मग ते दालन. तिने ते पहिल्यांदाच बघितलं. तिचा हात आपोआप तोंडावर गेला. नळी सगळीकडे फिरली, खाली गेली, थांबली, आणि डॉक्टरीणबाईने चित्र तसंच पडद्यावर ठेवून नळी बाहेर काढली.

मास्तरांनी तोंड पुसलं आणि चष्मा मागितला. "जागा कुठली ती?"

"ही. समोरच."

"जोड कुठाय?"

चाळीस वर्षांत एकही दुरुस्ती अशी नव्हती जिचा जोड मास्तरांना सापडला नव्हता. उत्तमातल्या उत्तम गवंड्याचा जोड ते डोळे मिटून बोटाने सांगत. आता ते पडद्याला नाक लावून शोधत होते. डॉक्टरीणबाईने पेनाच्या टोकाने एक फिकट ठिपका दाखवला, तांदळाच्या दाण्याएवढा. घड्या त्याच्याकडे अलगद वळल्या होत्या. बाकी सगळीकडे तोच ओला, लखलखता थर. ॲसिडच्या आत बसून, भरल्या टाकीत, दिवसरात्र, कुणी थापी न धरता केलेलं काम. मास्तर उभे राहिले, गुडघ्यांसकट.

"जमलंय," मास्तर म्हणाले.

बायको गर्रकन वळली. "काय म्हणालात? चौतीस वर्षं माझ्या हातचं जेवताय, जीभ उचलली नाही कधी. आणि स्वतःच्या पोटाला जमलंय?"

डॉक्टरीणबाई हसायला लागली. "मी तर एक चिमटा लावला फक्त. बाकी सगळं आपोआप झालंय."

"आपोआप काही होत नाही, डॉक्टरीणबाई," मास्तर म्हणाले. "गिलावा कुणी केला ते मला माहीत नाही. पण दोन महिने पाणी हिने मारलंय."

बायकोने भिंग पिशवीत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

"चला," ती म्हणाली. "शेकायची वेळ झाली."